चाचांची लेन्स आणि जवळचा इतिहास

दर काही महिन्यांनी एक मेसेज आमच्या मोहल्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरून येतो. कॅमेऱ्याचा शोध एका मुस्लिम शास्त्रज्ञाने लावला आणि ‘कॅमेरा’ हा शब्दच अरबी ‘कमरा’वरून आला, असं त्यात लिहिलेलं असतं. खाली ‘माशाअल्लाह’ची रांग लागते. मागच्या रमजानमध्ये तो पुन्हा आला, तेव्हा मी अहेरीतल्या आमच्या घराच्या ओट्यावर बसून एक जुनी लेन्स उन्हाकडे धरून तपासत होतो. काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरली होती. आमच्याकडे चार महिने पाऊस, बाजूला प्राणहिता आणि चहूकडे सागाचं जंगल. कपाटातल्या चामडी चपलांना बुरशी येते, तर लेन्सला का येणार नाही?

ही लेन्स माझ्या मोठ्या चाचांची. अहेरीच्या बाजारात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. मुठीत मावेल एवढी, काळ्या धातूची, हाताला जड. पुढच्या कडेवर ‘हेलिओस-४४-२’ असं कोरलेलं आणि शेजारी काचेच्या लोलकातून जाणाऱ्या किरणाचं बारीक चिन्ह. त्या मेसेजला उत्तर द्यावं, असं मला वाटत होतं. मी भाषेचा शिक्षक आहे, त्यामुळे चुकीची व्युत्पत्ती पाहिली की हात शिवशिवतात. पण उत्तर लिहायला बसलो आणि विषय शब्दावरून लेन्सवर, लेन्सवरून आमच्या घरच्या एका चुकीवर गेला. म्हणून हा लेख.

आधी शब्दाचं पाहू. ‘कॅमेरा’ हा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ कमानदार छत, खोली. लॅटिनमध्ये तो ग्रीकमधून आला. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक छिद्र पाडलं की समोरच्या भिंतीवर बाहेरचं दृश्य उलटं उमटतं. त्या खोलीला युरोपात सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’, म्हणजे अंधारी खोली, म्हणू लागले. उर्दूतला आपला ‘कमरा’ पोर्तुगीज ‘कामरा’वरून आला आणि पोर्तुगीजांनी तो लॅटिनमधून घेतला. म्हणजे कमरा आणि कॅमेरा हे चुलत भाऊ आहेत, पण त्यांचे आजोबा अरब नाहीत, रोमन आहेत.

मग त्या मेसेजमध्ये काहीच खरं नाही का? आहे, आणि ते खोट्यापेक्षा कितीतरी मोठं आहे. इब्न अल-हैथम बसऱ्यात इ.स. ९६५ च्या सुमारास जन्मले आणि कैरोत १०४० च्या सुमारास वारले. १०११ ते १०२१ च्या दरम्यान त्यांनी ‘किताब अल-मनाझिर’ हा प्रकाशशास्त्रावरचा सात भागांचा ग्रंथ लिहिला. डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला जाऊन भिडतात, म्हणून आपल्याला दिसतं, असं युक्लिड आणि टॉलेमी मानत होते. इब्न अल-हैथम यांनी ते उलटं केलं. वस्तूवरून आलेला प्रकाश डोळ्यात शिरतो, म्हणून दिसतं. केवळ तर्क करून ते थांबले नाहीत. अंधाऱ्या जागेत शिरणाऱ्या प्रकाशाचे प्रयोग त्यांनी केले. बाहेर ओळीने दिवे ठेवले, एक दिवा झाकला की आत नेमका त्याचाच ठिपका नाहीसा होतो, हे दाखवलं. प्रकाश सरळ रेषेत जातो आणि छिद्रात एकमेकांत मिसळत नाही, याचा तो पुरावा होता.

हा ग्रंथ पुढे लॅटिनमध्ये गेला, १५७२ मध्ये बाझल शहरात छापला गेला आणि युरोपच्या प्रकाशशास्त्राने त्यावर शिक्षण घेतलं. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ हे प्रकाशवर्ष साजरं केलं, तेव्हा या ग्रंथाच्या हजार वर्षांची आठवण त्यात होती. पण इब्न अल-हैथम यांनी कॅमेरा बनवला नाही. चित्र पकडून ठेवणारी रसायनं त्यांच्यानंतर आठशे वर्षांनी आली. त्यांनी दृष्टीचा नियम दिला. एवढं खरं असताना खोट्या व्युत्पत्तीची टेकू कशाला हवी?

आता माझ्या हातातल्या लेन्सकडे येतो. तिचा वंशही असाच देशोदेशी फिरलेला आहे. जर्मनीतल्या येना गावात कार्ल झाइस यांनी १८४६ मध्ये एक छोटी कार्यशाळा काढली. तिचा पुढे जगातला नामांकित कारखाना झाला. १९३० च्या दशकात तिथून ‘बायोटार’ नावाची ५८ मिलिमीटरची लेन्स बाजारात आली. तिच्यात सहा काचा, चार गटांत बसवलेल्या. दुसरं महायुद्ध संपलं आणि येना सोव्हिएत ताब्यात गेलं. नुकसानभरपाई म्हणून कारखान्याची यंत्रं, आराखडे आणि काही तंत्रज्ञही सोव्हिएत संघात नेले गेले. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्याने बायोटारची रचना आपल्या काचेला जुळवून घेतली आणि १९५८ पासून तिला ‘हेलिओस-४४’ म्हटलं जाऊ लागलं. झेनिट कॅमेऱ्यांबरोबर ती इतकी खपली की जगात सर्वाधिक बनलेल्या लेन्सांमध्ये तिची गणना होते.

सोव्हिएत संघाची स्वस्त आणि सुबक छपाईची पुस्तकं आमच्या पिढीने पाहिली आहेत. झेनिट कॅमेरेही त्याच दोस्तीच्या काळात भारतात आले. चाचांनी आपला झेनिट नागपूरहून सेकंडहँड आणला होता. त्याआधी ते दोन डोळ्यांच्या पेटी कॅमेऱ्यावर काम करत. आमचे दादा सागाच्या ठेकेदाराकडे मुनशी म्हणून आलापल्लीला आले आणि मग अहेरीत स्थायिक झाले. त्यांना मुलाचा हा धंदा पसंत नव्हता. तसवीर काढणं जायज आहे का, यावर घरात बरेच दिवस अबोला होता. चाचांचं म्हणणं एकच असे, “अब्बा, फोटोशिवाय पासपोर्ट नाही आणि पासपोर्टशिवाय हज नाही.” पुढे दादांचा हजचा फोटो चाचांनीच काढला.

स्टुडिओ २००६ मध्ये बंद झाला. डिजिटल आलं होतं आणि चाचांचे डोळेही थकले होते. त्यांच्या इंतकालनंतर दुकान रिकामं करायचं ठरलं. तीस वर्षांच्या निगेटिव्ह लाकडी पेट्यांमध्ये, छोट्या पाकिटांत घालून ठेवलेल्या होत्या. पावसाने निम्म्या एकमेकींना चिकटल्या होत्या. भंगारवाला म्हणाला, यातून चांदी निघते, वजनावर घेतो. मी तेव्हा बी.एड. करून नुकताच नोकरीला लागलो होतो. घरात शिकलेला म्हणून मला विचारलं गेलं आणि मीच ‘देऊन टाका’ म्हणालो. मिळालेल्या पैशांत दुकानाचा थकलेला वीजबिलाचा हिशेब मिटला. लेन्स आणि एक हिशेबाची वही तेवढी वाचली. लेन्स लहान म्हणून आणि वही उर्दूत म्हणून. भंगारवाल्याने ती रद्दीतही धरली नाही.

झेनिटचं शटर केव्हाच अडकलं होतं. लेन्स मात्र ठणठणीत. कॅमेऱ्याच्या शरीरात दोऱ्या, स्प्रिंगा, पडदे असतात आणि ते झिजतात. काच झिजत नाही. तिला शत्रू दोनच, ओल आणि ओरखडा. पण शरीराशिवाय लेन्स काय कामाची? हे कोडं सुटलं ते २००८ नंतरच्या एका बदलामुळे. तो बदल समजून घेण्यासारखा आहे.

जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये एक तिरका आरसा असे. त्याच्यामुळेच छायाचित्रकाराला वरच्या खिडकीतून दृश्य दिसे. बटण दाबलं की आरसा वर उडे. त्याला हलायला जागा लागे, म्हणून लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर चांगलं साडेचार सेंटिमीटर ठेवावं लागे. हेलिओसची बैठक ४२ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांची, म्हणून तिला एम-४२ म्हणतात. ही बैठक १९४९ च्या सुमारास पूर्व जर्मनीत रुळली. पुढे जपानच्या पेंटॅक्सनेही ती घेतली, सोव्हिएत कारखान्यांनीही घेतली. तिचं ठरलेलं अंतर ४५.४६ मिलिमीटर. लेन्स एवढ्याच अंतरावर असली, तरच तिच्यावर खोदलेल्या खुणा खऱ्या ठरतात.

२००८ मध्ये पॅनासॉनिक आणि ऑलिम्पस यांनी आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांची पद्धत आणली. २०१० मध्ये सोनीने आपली ई-माउंट पद्धत काढली. आरसा गेला तसं अंतरही आटलं. सोनीत ते १८ मिलिमीटर आहे. आता हिशेब सोपा आहे. ४५.४६ मधून १८ वजा करा, उरतात २७.४६ मिलिमीटर. एवढ्या जाडीची धातूची कडी घ्यायची, तिच्या एका तोंडाला सोनीची बैठक आणि दुसऱ्या तोंडाला ४२ मिलिमीटरचे आटे. हाच अ‍ॅडॅप्टर. त्यात काच नाही, वायर नाही. आत नुसती पोकळी. आरशाने सोडलेली जागा तो भरून काढतो आणि अंतर राखतो, एवढंच त्याचं काम.

अंतर चुकलं तर काय होतं, हेही पाहा. अ‍ॅडॅप्टर जाड असेल तर लेन्स सेन्सरपासून लांब जाते. जवळचं नीट दिसतं, पण दूरचा डोंगर कधीच स्पष्ट होत नाही. निकॉनच्या जुन्या एफ बैठकीचं अंतर ४६.५ मिलिमीटर, म्हणजे एम-४२ पेक्षा जास्त. त्यामुळे त्या कॅमेऱ्यांवर साधी कडी लावली की दूरचा फोकस हरवतो. कॅननच्या ईएफ बैठकीचं अंतर ४४, तिथे दीड मिलिमीटरची पातळ चकतीही चालून जाते. उलट, कडी हवी त्यापेक्षा पातळ झाली तर फोकस अनंताच्याही पलीकडे जातो आणि अगदी जवळची वस्तू पकडता येत नाही. फक्त दूरचं पाहू शकणारी लेन्स आणि आमचा तो मेसेज यांत मला काहीसं साम्य वाटतं. त्याच्याकडे पुढे येतो.

मी सेकंडहँड सोनी ए-६००० घेतला आणि अ‍ॅडॅप्टर मागवला. पहिल्यांदा बटण दाबलं तर कॅमेरा हलेना. लेन्स जोडलेली नाही, असं पडद्यावर आलं. नवीन लेन्स आणि कॅमेरा सोन्याच्या रंगाच्या टिकल्यांमधून एकमेकांशी बोलतात. चाचांच्या लेन्सला ती भाषा येत नाही. सेटिंगमध्ये जाऊन ‘लेन्सशिवाय शटर उघडू द्या’ हा पर्याय सुरू करावा लागतो. मग चित्र येतं. फोकस हाताने फिरवायचा. जिथे चित्र स्पष्ट होतं त्या कडांना कॅमेरा रंगीत रेघ दाखवतो, म्हणून चष्मा लावणाऱ्या माझ्यासारख्यालाही जमतं. या लेन्सला अ‍ॅपर्चरच्या दोन कड्या आहेत. एकीने किती बंद करायचं ते ठरवून ठेवायचं, दुसरीने पूर्ण उघडून फोकस करायचा आणि मग ठरल्या जागेपर्यंत बंद करायचं. सोनीचा सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असल्याने ५८ ची लेन्स साधारण ८७ मिलिमीटरसारखी वागते. चेहरे टिपायला ती छान. मागे झाडी असेल तर पानांमधल्या उजेडाचे ठिपके गोल फिरल्यासारखे दिसतात. आलापल्लीच्या जंगलात हे पाहण्यासारखं असतं.

फोटोच्या माहितीत मात्र लेन्सच्या नावाची जागा रिकामी राहते. ही लेन्स कुणाची, कुठली, याची नोंद कॅमेरा करत नाही. ती आपणच ठेवावी लागते.

जुन्या-नव्याचं असं जोडकाम महाराष्ट्राला नवं नाही. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आणि त्यांचे भाऊ आनंदराव यांना ‘राजा हरिश्चंद्र’ पाहून सिनेमाचं वेड लागलं. परदेशी कॅमेरा परवडणारा नव्हता. त्यांनी मुंबईच्या बाजारातून प्रोजेक्टर मिळवला, सिनेमे दाखवून पोट भरलं आणि त्याची यंत्रणा उलगडून पाहत स्वतःचा कॅमेरा करायला घेतला. प्रोजेक्टर आणि कॅमेरा ही उलटसुलट भावंडंच आहेत. एकातून प्रकाश बाहेर जातो, दुसऱ्यात आत येतो. दोन्हीकडे लेन्सचं अंतर राखावं लागतं आणि फिल्म ठेक्यात सरकवावी लागते. १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी आपले शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी घेतलं आणि १९१८ च्या सुमारास कॅमेरा तयार केला. कोल्हापूरच्या गायिका तानीबाई कागलकर यांनी कंपनीला पैशांची मदत केली. १९२० मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं.

याच कंपनीत दामल्यांच्या जोडीने घडलेलं एक नाव म्हणजे शेख फत्तेलाल. जन्म कागलचा, १८९७ चा. चित्रकार माणूस. लोक त्यांना ‘साहेबमामा’ म्हणत. १९२९ मध्ये शांताराम, दामले, धायबर आणि कुलकर्णी यांच्यासह त्यांनी प्रभात फिल्म कंपनी उभी केली. दामले आणि फत्तेलाल यांनी मिळून १९३६ मध्ये ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यानंतर ‘संत ज्ञानेश्वर’, ‘संत सखू’. महाराष्ट्राने पडद्यावर पाहिलेला तुकोबा ज्या दोघांनी उभा केला, त्यांतला एक कागलचा मुसलमान होता. आमच्या ग्रुपवर मी विचारलं, फत्तेलाल कोण? दीडशे लोकांत एकाने उत्तर दिलं, तेही गुगल करून.

बसरा आम्हाला पाठ आहे, कागल माहीत नाही. दूरचं दिसतं, जवळचं धूसर. दोष एकट्या आमच्या मोहल्ल्याचा नाही. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट आज नाहीत, ‘सैरंध्री’ही नाही. त्या काळच्या कितीतरी फिल्मा जळाल्या, सडल्या, चांदीसाठी भंगारात गेल्या. हे वाचलं तेव्हा चाचांच्या लाकडी पेट्या डोळ्यांसमोर आल्या. इब्न अल-हैथमचा हजार वर्षांचा अभिमान मिरवणाऱ्या घरातून तीस वर्षांचा इतिहास वजनावर गेला होता, आणि ‘द्या’ म्हणणारा मी होतो.

निगेटिव्ह आता परत येणार नाहीत. पण वही आहे. चाचांचं अक्षर घसटं, नुक्ते गाळणारं. मोहल्ल्यातल्या नव्या मुलांना ती वाचता येत नाही. मी रोज दोन लिप्या शिकवतो, म्हणून मला जमतं. तारीख, नाव, फोटोचा आकार, दिलेली पेशगी. नावं मात्र सगळ्या गावाची. उर्दू अक्षरांत आत्राम, मडावी, तलांडी, गावडे, येरावार. पलीकडच्या तेलंगणातून नदी ओलांडून आलेली तेलुगू नावं. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरपासून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला. त्यानंतरच्या पानांवर पासपोर्ट साइजच्या नोंदी दाट होत जातात. नवा जिल्हा, नवी कचेरी, नवे अर्ज. आमच्या भागाचा इतिहास कुणी लिहिला तर राजघराणं, जंगल आणि चकमकी यांचा लिहितं. अर्ज भरणाऱ्या साध्या माणसांचे चेहरे त्यात नसतात. ते चाचांच्या पाकिटांत होते.

ग्राहकांना दिलेल्या प्रती मात्र घराघरांतल्या पेट्यांमध्ये अजून आहेत. मागच्या दिवाळीच्या सुट्टीपासून मी वही घेऊन फिरतो. नोंद शोधायची, घर शोधायचं, फोटो मागायचा. खिडकीजवळच्या उजेडात तो सपाट ठेवायचा, कॅमेरा तिपाईवर, अ‍ॅपर्चर आठवर. हेलिओस अर्ध्या मीटरपर्यंत जवळ येते, तेवढ्यात पोस्टकार्ड आकाराचा फोटो चौकटीत बसतो. ज्या काचेतून तो चेहरा एकदा फिल्मवर गेला, त्याच काचेतून तो आता सेन्सरवर येतो. मागचा शिक्का आणि लिहिलेलं नावही टिपतो. फोटो घरच्यांना तिथेच परत देतो, बरोबर नेत नाही.

मागच्या महिन्यात एका गोंड म्हाताऱ्या आजींच्या घरी गेलो. वहीत त्यांच्या यजमानांची १९८४ ची नोंद होती, ‘एक कॉपी, पोस्टकार्ड, दसरा’. अहेरीच्या दसऱ्याला आसपासच्या गावांतून माणसं येत, तेव्हा चाचांचं दुकान रात्रीपर्यंत उघडं असे. आजींनी पत्र्याच्या पेटीतून फोटो काढला. कोपरा वाळवीने खाल्लेला, चेहरा शाबूत. त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे मोठा असंल नं? दुकानात सगळे ठेवत होते म्हने.”

मी त्यांना खरं सांगितलं. ठेवले होते, आम्ही विकले.

त्या काही बोलल्या नाहीत. फोटो पदराने पुसला आणि खिडकीत ठेवला, म्हणाल्या, “काढ मग.”

ग्रुपवर मी शेवटी लांब उत्तर लिहिलं नाही. ‘कमरा पोर्तुगीज, कॅमेरा लॅटिन, इब्न अल-हैथम मात्र अस्सल’ एवढंच टाकलं. खाली एक विनंती जोडली. बाजारातल्या जुन्या स्टुडिओचा शिक्का मागे असलेला फोटो कुणाच्या घरी असेल, तर कळवा, मी येऊन प्रत करून देईन. ‘माशाअल्लाह’ कमी आले. पण सात घरांचे निरोप आले आणि त्यांतली तीन घरं ग्रुपमधल्या कुणाच्या शेजाऱ्यांची होती, मुसलमानांची नव्हती. पुढच्या रविवारी तिथे जायचं आहे. त्याआधी लेन्स पुन्हा एकदा उन्हात धरून पाहीन. बुरशी वाढता कामा नये.